सनदेनंतरचा अभ्यास: मराठवाड्यातल्या वकिलासाठी वर्षभराचा आराखडा

सनद (वकिलीचा परवाना) घेतल्यावर दरवर्षी अमुक तास शिकलेच पाहिजे, असा देशभर लागू असणारा नियम आपल्याकडे नाही. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत तो आहे. तास भरले नाहीत तर तिथे वकिलाचा परवाना अडकतो. आपल्याकडे ॲडव्होकेट्स ॲक्ट, १९६१ च्या कलम ६ ने परिसंवाद आणि व्याख्याने भरवण्याचे काम राज्य बार काउन्सिलकडे दिले आहे, पण तिथे जाऊन बसण्याची सक्ती कुणावर नाही. त्यामुळे १९९५ साली शिकलेला कायदा एखाद्याने आजही तसाच चालवला तरी त्याला कोणी विचारत नाही. विचारतो तो समोरचा वकील, तोही भर युक्तिवादात, अशिलादेखत.

म्हणून तास आपणच ठरवायचे आणि वहीही आपणच ठेवायची. त्याआधी जे खरोखर सक्तीचे आहे ते वेगळे काढू, कारण तिथे गल्लत फार होते.

सक्तीचे काय

पहिली ऑल इंडिया बार एक्झामिनेशन. २००९-१० किंवा त्यानंतर पदवी घेतलेल्या प्रत्येकाला ती द्यावी लागते. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १० फेब्रुवारी २०२३ रोजी या परीक्षेवर शिक्कामोर्तब केले, तेव्हा ‘ती रद्द होणार आहे’ या बार रूममधल्या गप्पांवर विसंबू नये. तात्पुरती सनद मिळाल्यापासून दोन वर्षांत ती पास व्हायची असते. शंभर प्रश्न, साडेतीन तास, चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत आणि मराठीतूनही पेपर देता येतो. पास व्हायला खुल्या व ओबीसी प्रवर्गाला ४५ टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के लागतात. राज्यघटना, दिवाणी प्रक्रिया आणि फौजदारी प्रक्रिया यांना प्रत्येकी १० गुण आहेत. पुरावा, दंडसंहिता, कौटुंबिक कायदे आणि करार व मालमत्तेचा गट यांना प्रत्येकी ८. एवढ्यातच ६२ गुण झाले, त्यामुळे कंपनी कायद्याच्या दोन गुणांसाठी आठवडा घालवू नये. परीक्षेत फक्त बेअर ॲक्ट, म्हणजे भाष्याविना कायद्याचे नुसते पुस्तक, नेता येतो. त्यावर पेनाने टिपा लिहिलेल्या असतील किंवा पुस्तकात भाष्य असेल तर ते दारातच ठेवून घेतात. अभ्यासाची प्रत वेगळी, परीक्षेची कोरी प्रत वेगळी, अशी खरेदी सुरुवातीलाच करावी.

दुसरी गोष्ट सनदेच्या पडताळणीची. २०१५ च्या नियमांप्रमाणे बार काउन्सिल पदवीच्या कागदांबरोबर वकिली प्रत्यक्ष चालू असल्याचा पुरावाही मागते. ज्युनिअरची अडचण इथेच होते. वर्षभर सीनियरच्या फायली सांभाळल्या, तारखा घेतल्या, उलटतपासाला मागे उभे राहिले, पण एकाही वकीलपत्रावर स्वतःचे नाव नाही. दरवर्षी निदान चार-पाच वकीलपत्रांवर आपले नाव आणि सनद क्रमांक येईल असे पाहावे आणि त्याची निशाणी पडलेली प्रत लगेच काढून ठेवावी. न्यायाधीश व्हायचे मनात असेल तर हे आणखीच महत्त्वाचे. सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२५ रोजी दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर या पदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आणली. ही वर्षे तात्पुरत्या सनदेपासून धरली जातात. त्याचा दाखला मात्र किमान दहा वर्षे वकिली झालेल्या वकिलाचा आणि न्यायिक अधिकाऱ्याने दुजोरा दिलेला लागतो.

बाकी सक्ती त्या-त्या कामापुरती असते. न्यायालयाच्या मध्यस्थी केंद्रात मध्यस्थ व्हायचे तर ४० तासांचे प्रशिक्षण लागते. नोटरीसाठी साधारणपणे दहा वर्षांची वकिली, महिला आणि मागास प्रवर्गांसाठी सात. सर्वोच्च न्यायालयात ॲडव्होकेट ऑन रेकॉर्ड (तिथे स्वतःच्या नावाने प्रकरण दाखल करू शकणारा वकील) व्हायचे तर चार वर्षे वकिली, मग एक वर्ष प्रशिक्षण आणि नंतर परीक्षा. विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवर यायला निदान तीन वर्षांची वकिली लागते.

चाळीस तास आणि त्यांची वाटणी

आठवड्याला पाऊण तास धरला तर वर्षाचे एकोणचाळीस तास होतात, त्यात एक मिळवून चाळीस करावेत. याहून मोठा संकल्प पहिल्याच बोर्डाच्या (कोर्टाच्या दिवसाच्या कामाच्या यादीच्या) गर्दीत मोडतो. वाटणी अशी सुचवतो: प्रक्रिया आणि नवे कायदे १६ तास, रोजच्या कामाचे क्षेत्र १०, ई-फायलिंग आणि इलेक्ट्रॉनिक पुरावा ६, मसुदालेखन ४, आणि व्यावसायिक आचारसंहिता व अशिलाच्या पैशांचा हिशेब ४. शेवटचे चार तास सगळेच टाळतात. वकिलाविरुद्ध तक्रार होते तेव्हा मात्र विषय बहुतेक वेळा पैशांच्या हिशेबाचाच असतो.

विषय मात्र हवेतून ठरवू नयेत. गेल्या वर्षाची डायरी आणि पंचवीस-तीस फायली घेऊन एका रविवारी बसावे. प्रत्येक फायलीतून तीन गोष्टी काढाव्यात: फायलिंगला कोणता आक्षेप निघाला, कोणता अर्ज कोणत्या कारणाने नामंजूर झाला, आणि समोरच्याचा कोणता मुद्दा ऐकून आपल्याला तारीख मागावी लागली. मुदत, अधिकारक्षेत्र, मुद्रांक, दाखला, नोटीस अशा शब्दांखाली खुणा मारत गेले की दोन तासांत चित्र दिसते. जिथे पाच खुणा पडल्या तो पहिला विषय. आपल्याला जे आवडते ते आपण असेही वाचतोच.

फौजदारीतली १ जुलै २०२४ ची रेघ

या तारखेपासून भारतीय न्याय संहिता (३५८ कलमे), भारतीय नागरिक सुरक्षा संहिता (५३१) आणि भारतीय साक्ष अधिनियम (१७०) लागू झाले. जुने-नवे कलम दाखवणारा तक्ता सगळ्यांच्या मोबाइलमध्ये आहे: ३०२ चे १०३, ४२० चे ३१८(४), ४९८-अ चे ८५, ४३८ चे ४८२, ४३९ चे ४८३, १२५ चे १४४, १५६(३) चे १७५(३). तक्ता हवाच, पण त्यात फक्त आकडा कळतो. आत काय बदलले ते कळत नाही.

एकच उदाहरण नीट पाहू, कारण महामार्गावरच्या प्रत्येक तालुका कोर्टात ते रोजचे आहे. हयगयीने मृत्यू घडवण्याला जुन्या दंडविधानाच्या ३०४-अ खाली जास्तीत जास्त दोन वर्षे शिक्षा होती. न्याय संहितेच्या कलम १०६(१) मध्ये ती पाच वर्षे झाली. फरक शिक्षेपुरताच आहे असे वाटते, पण दोन वर्षांपर्यंतचा गुन्हा समन्स केस असतो आणि त्याहून जास्त शिक्षेचा वॉरंट केस. म्हणजे ट्रकचालकाच्या ज्या खटल्यात पूर्वी दोषमुक्तीचा (खटला चालण्याआधीच आरोपीला सोडण्याचा) टप्पाच नव्हता, तिथे तो आता आहे. त्याला मुदतही आहे: सुरक्षा संहितेच्या कलम २६२ प्रमाणे कागदपत्रांच्या नकला मिळाल्यापासून ६० दिवसांत अर्ज करायचा. सत्र खटल्यात कलम २५० प्रमाणे हेच ६० दिवस कमिटल झाल्यापासून (खटला सत्र न्यायालयाकडे सोपवल्यापासून) मोजायचे. नकला मिळाल्याची तारीख रोजनाम्यातून काढून फायलीच्या पुठ्ठ्यावर लाल शाईने लिहावी. आणखी एक परिणाम दखलीच्या, म्हणजे कोर्टाने गुन्हा विचारात घेण्याच्या, मुदतीचा. तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांनाच दखल घेण्याच्या मुदतीचा अडसर असतो, तेव्हा १०६(१) ला तो उरला नाही. एका आकड्याच्या बदलाने तीन जागी परिणाम केला, आणि तक्त्यात त्यातला एकही दिसत नाही.

अभ्यासाची रीत हीच ठेवावी. आपल्याकडे सर्वांत जास्त येणारे दहा गुन्हे निवडावेत. प्रत्येकाची जुनी-नवी शिक्षा, जामीनपात्र की अजामीनपात्र, कोणत्या कोर्टात चालतो आणि समन्स की वॉरंट, एवढे परिशिष्टातून स्वतःच्या हाताने लिहून काढावे. दहा गुन्ह्यांना पाच-सहा तास लागतात. दुसऱ्याने केलेली पीडीएफ वाचून हे डोक्यात बसत नाही.

कोणता कायदा लावायचा, हा घोळ अजून काही वर्षे चालणार. गुन्हा ३० जून २०२४ पर्यंत घडला असेल तर तक्रार नंतर आली तरी कलमे दंडविधानाचीच लागतात. त्या दिवशी प्रलंबित असलेला तपास, चौकशी, खटला किंवा अपील सुरक्षा संहितेच्या कलम ५३१ मुळे जुन्या प्रक्रियेनेच चालते. खासगी फिर्यादीत कलम २२३ चे परंतुकही विसरू नये: दखल घेण्याआधी आरोपीला म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते. १५ दिवसांची पोलीस कोठडी आता तपासाच्या पहिल्या ४० किंवा ६० दिवसांत तुकड्या-तुकड्यांनीही मागता येते, तेव्हा रिमांडच्या युक्तिवादातले जुने पाठांतर मोडावे लागेल.

कलम ६३ चा दाखला हाताने करून बघणे

इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायच्या दाखल्याचा (प्रमाणपत्राचा) आजचा कायदा ज्या निवाड्यावर उभा आहे तो आपल्याच मातीतला आहे. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशनराव गोरंट्याल, १४ जुलै २०२०. जालना विधानसभेच्या २०१४ च्या निवडणुकीतून तो वाद निघाला आणि औरंगाबाद खंडपीठातून सर्वोच्च न्यायालयात गेला. निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरीतले चित्रीकरण पुराव्यात यावे की नाही, हा प्रश्न होता आणि त्याचा दाखला अधिकारी देत नव्हते. न्यायालयाने ठरवले की मूळ उपकरणच कोर्टात आणले नसेल तर जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब चा दाखला अनिवार्य आहे. पण पक्षकाराने मागूनही दाखला मिळत नसेल, तर तो हजर करवण्यासाठी कोर्टाकडे अर्ज करता येतो. उपकरण ताब्यात नसलेल्याला दाखल्यापासून २०१८ च्या शफी मोहम्मद निवाड्यात दिलेली सूट त्याच दिवशी गेली. २०१८ चा निवाडा वाचून थांबलेल्याचा पाय इथेच घसरतो.

आता ६५-ब ची जागा साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ ने घेतली असून दाखल्याचा नमुना परिशिष्टात दिला आहे. भाग अ उपकरण ज्याच्या ताब्यात आहे त्याने भरायचा, भाग ब तज्ज्ञाने. उपकरणाचा प्रकार, बनावट, मॉडेल, रंग, अनुक्रमांक, आयएमईआय आणि फायलीची हॅश व्हॅल्यू (फाईल जराही बदलली की बदलणारी तिची ओळखखूण) अशा जागा त्यात आहेत. वाचून हे अवघड वाटते, करून बघितले तर अर्ध्या तासाचे काम आहे.

मोबाइलवर एक मिनिटाचे चित्रीकरण करावे. केबलने ते लॅपटॉपवर घ्यावे. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये सर्टयुटिल या आज्ञेने त्या फायलीची एसएचए-२५६ हॅश काढावी. ६४ अक्षर-आकड्यांची ओळ येते. मग तेच चित्रीकरण व्हॉट्सॲपने दुसऱ्या फोनवर पाठवून तिथून लॅपटॉपवर घ्यावे आणि पुन्हा हॅश काढावी. ओळ वेगळीच निघते, कारण व्हॉट्सॲप पाठवताना फाईल दाबून लहान करते. अशील ‘व्हिडिओ पाठवलाय बघा साहेब’ म्हणतो तेव्हा आपल्याकडे आलेली फाईल मूळ नसते, हे एकदा डोळ्यांनी पाहिले की पुढची सूचना आपोआप तोंडात येते: फोन विकू नका, रिसेट करू नका, मूळ फाईल पुसू नका. ज्युनिअरला दोन व्याख्याने ऐकवण्यापेक्षा हा प्रयोग करायला लावावा.

हैदराबादी कायद्यांसाठी वेगळे तास

पुण्या-मुंबईकडच्या शिबिरात हा विषय कोणी शिकवणार नाही. मराठवाड्यातल्या जमिनीला आजही हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९५० लागू आहे. इनामांसाठी १९५४ चा निर्मूलन कायदा, अतियातीसाठी (निजामाने दिलेल्या अनुदानांसाठी) १९५२ चा. मुंबई कुळकायद्यावरचे भाष्य घेऊन कलम ३२-ग चा युक्तिवाद इथे करता येत नाही. इथे संरक्षित कूळ आणि कलम ३८-ई पाहावे लागते.

कायदा जुना असला तरी तो स्थिर नाही. कलम ५०-ब खालची (कुळाला मालकीने मिळालेली) जमीन विकायला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागतेच, असे अजून सर्रास सांगितले जाते. २०१४ च्या दुरुस्तीनंतर मालकीचे प्रमाणपत्र मिळून दहा वर्षे झाली असतील तर आकाराच्या (जमिनीच्या साऱ्याच्या) चाळीस पट नजराणा भरून परवानगीशिवाय विक्री होऊ शकते. मात्र घेणारा शेतकरी असावा, आणि कमाल धारणा व तुकडेबंदीचे कायदे मोडता कामा नयेत. ही दुरुस्ती माहीत नसलेला वकील अशिलाला महिनोन्‌महिने कचेरीच्या पायऱ्या चढायला लावतो.

जुन्या कागदांसाठी फसली सालाची आकडेमोड पक्की करावी. निजामी कागदावरच्या फसली सालात ५९० मिळवले की ते साल ज्या इसवी सनात सुरू झाले तो आकडा मिळतो. वर्ष ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होते, म्हणून १३५० फसली म्हणजे ऑक्टोबर १९४० ते ऑक्टोबर १९४१. मार्चमधला कागद असेल तर ५९१ मिळवावे. ही चूक वंशावळीच्या आणि ताब्याच्या दाव्यात एक वर्षाने मार खायला लावते. उर्दू नकला वाचणारे ज्येष्ठ वकील आणि मुन्शी आता थोडेच उरले आहेत. त्यांच्याजवळ चार दुपारी बसून खासरा पाहणी, मुंतखब, वसूलबाकी हे कागद ओळखायला शिकावे. हे तास वहीत नक्की धरावेत, प्रमाणपत्र नसले तरी.

आठवड्याला एक निवाडा

सर्वोच्च न्यायालयाचे निवाडे ई-एससीआर वर जानेवारी २०२३ पासून फुकट आहेत. उच्च न्यायालयाचे त्याच्या संकेतस्थळावर मिळतात. औरंगाबाद खंडपीठाचा निवाडा तटस्थ क्रमांकातल्या (न्यायालयाने स्वतः निवाड्याला दिलेल्या क्रमांकातल्या) बीएचसी-एयूजी या अक्षरांवरून ओळखता येतो. व्हॉट्सॲपवर फिरणारी चार ओळींची ‘हेडनोट’ म्हणजे निवाडा नव्हे. मूळ प्रत उतरवावी आणि एक पान टिपण करावे: वस्तुस्थिती पाच ओळींत, प्रश्न एका ओळीत, निर्णयाचे कारण परिच्छेद क्रमांकासह, आणि शेवटी आपल्या कोणत्या फायलीला लागू पडतो तिचा क्रमांक. शेवटची ओळ रिकामी राहत असेल तर निवाड्याची निवड चुकली.

एआय यंत्राला विचारून मिळालेला निवाडा मूळ संकेतस्थळावर सापडत नसेल तर तो अस्तित्वात नाही असेच धरावे. ही यंत्रे पक्षकारांची नावे, साल आणि परिच्छेद क्रमांकासकट खोटा निवाडा रचून देतात. कोर्टात तो मांडला की सही आपली असते.

बार रूममधला तास

लातूर किंवा नांदेडहून खंडपीठ अडीचशे किलोमीटरच्या पुढे आहे, तेव्हा प्रत्येक व्याख्यानाला संभाजीनगर गाठणे जमत नाही. खंडपीठात आपले काम असेल त्या दिवशी उरलेला अर्धा दिवस आपल्या विषयाच्या कोर्टात मागच्या बाकावर बसावे आणि ते तास वहीत मांडावेत. महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठ संभाजीनगरातच आहे. तिथल्या कार्यक्रमांवर लक्ष ठेवावे.

गावात आठ-दहा जणांचे मंडळ पुरते. महिन्यातून एकदा, कामाच्या शनिवारी, जेवणाच्या सुट्टीला जोडून पाऊण तास: वीस मिनिटे एकाने बोलायचे, पंधरा मिनिटे प्रश्न, दहा मिनिटे प्रत्यक्ष मसुदा. बोलणाऱ्याने एक छापील पान आणायचेच. अशी मंडळे मोडतात ती हारतुऱ्यांमुळे. प्रास्ताविक, परिचय, शाल-श्रीफळ, मनोगत आणि आभार यांत तास जातो आणि पाहुण्यांना गाडी पकडायची असते. सत्कार करायचाच असेल तर शेवटी, उभ्या-उभ्या. उन्हाळी सुट्टीत सकाळी आठ ते दहा असे चार दिवस लावले तर एका दमात आठ तास भरतात. दुपारच्या उन्हात मे महिन्यात कोणी येत नाही.

ई-फायलिंगचे तास मात्र ऐकून भरू नयेत. स्वतःच्या लॉगिनने एक दावा पहिल्यापासून शेवटपर्यंत चढवून पाहावा: ३०० डीपीआयला काळे-पांढरे स्कॅन, सलग पृष्ठांकन, प्रत्येक निशाणीला बुकमार्क. रंगीत आणि जास्त बारकाईचे स्कॅन केले की फाईल फुगते आणि मुदतीच्या शेवटच्या संध्याकाळी चढत नाही.

वही आणि पाटी

वहीला सहा रकाने पुरतात: तारीख, तास, विषय, कुणाकडून किंवा कशातून, पुरावा, कुठे वापरले. प्रमाणपत्राची पीडीएफ साठवताना नावात आधी साल, मग महिना, मग विषय लिहावा. पॅनेल, सरकारी वकील किंवा नोटरीचा अर्ज निघतो तेव्हा मुदत थोडी असते आणि कागद सापडत नाहीत. दर तीन महिन्यांनी शेवटचा रकाना तपासावा. सहा तास शिकून एकाही फायलीत वापर नसेल तर तो विषय थांबवावा.

प्रमाणपत्र मिळाले म्हणून ते पाटीवर मात्र चढवू नये. बार काउन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ३६ प्रमाणे पाटी माफक आकाराची हवी आणि अमुक प्रकारच्या कामात आपण विशेषज्ञ आहोत असे तिच्यावर लिहिता येत नाही. दोन दिवसांच्या शिबिरानंतर ‘सायबर कायदा तज्ज्ञ’ रंगवून घेणे हा थेट नियमभंग आहे. विधी महाविद्यालयात शिकवण्याचे बोलावणे आले तर ते खुशाल घ्यावे. १९७९ च्या नियमांनी वकिलाला कायदा शिकवण्याची मुभा दिली आहे, फक्त दिवसाला तीन तासांच्या वर जाऊ नये. तिथे शिकवण्यासाठी केलेल्या तयारीचे तासही वहीत धरावेत. शिकवण्याचे धरू नयेत.